मागच्या दारानं चौकशी

घणसोली गावठाणात पुतळाआत्याच्या कानावर घातल्याशिवाय सोयरीक ठरत नाही. तसा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण ज्यांनी तिला वगळून लग्नं ठरवली, त्यांतल्या दोन-तीन घरांत पुढे अशी काही भांडी वाजली की बाकीचे आपोआप शहाणे झाले.

पुतळा मढवी. वय त्रेसष्ट, शिक्षण चौथी, अंगानं काटक, आवाज चार घरं पलीकडे जाणारा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जमीन सरकारकडे गेली, तिच्या बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर धाकट्या भावानं, देवजीनं, चार मजले चढवले. वरचे दोन मजले घरच्यांना, खालच्या अठरा खोल्या भाडेकरूंना. त्या अठरा खोल्यांचा कारभार पुतळाकडे. कोण किती वाजता कामाला जातं, कोण येताना हसत येतं आणि कोण चपला आपटत येतं, हे तिला जिन्याच्या पायरीवर बसल्या बसल्या कळतं.

स्थळ बघायची तिची रीत गावात प्रसिद्ध आहे. कांदेपोह्यांना ती जातच नाही. जाते ती आधी, कुणाला न सांगता, आणि पुढच्या दारानं नाही. गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानात अर्धा किलो गूळ घेते, दुकानदाराशी बोलते. घरामागच्या नळावर हात धुते. भांडी घासणाऱ्या बाईला पान देते.

"बैठकीतला सोफा सगल्यांचाच चांगला असतो," ती म्हणते. "सोफ्यावर बसून कुनाला कंदी काय कललंय? तिगींना इचाराचा. एक, त्या घरात नांदते ती सून. दोन, त्या घरातून निघून गेली ती. आन तीन, घरचा केर काडते ती. बाकी सगले फोटोवाले."

आणि असं नाही हं, की ती नुसती खोट काढायलाच जाते. नावड्याचं एक स्थळ होतं. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे असं सांगत होते. मुलीकडच्यांना संशय, की असेल साधा हेल्पर. पुतळा कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन तास बसली. पाळी सुटली, मुलगा बाहेर आला, वॉचमनला म्हणाला, "काका, तुमचा डबा आला नव्हता ना आज? हे घ्या, दोन भाकऱ्या उरल्यात." पुतळा उठली, घरी आली आणि म्हणाली, "सुपरवायझर हाय का नाय ते माज्या ध्यानातच नाय राह्यलं इचाराचं. पोरगी द्या." तो सुपरवायझर होता. त्या पोरीला आता दोन मुलं आहेत आणि दर दिवाळीला ती आत्याला साडी आणते.

ही रीत पुतळा कुठे शिकली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यासमोर कुणी काढत नाही. तीच काढते. अठराव्या वर्षी तिचं लग्न उरणकडच्या एका घरात झालं. घर दुमजली, ओटीवर झोपाळा, दारात होडी. वडील झोपाळ्यावर बसले, चहा प्याले, हो म्हणून आले. त्या घरची थोरली सून वर्षभरापूर्वी माहेरी निघून गेली होती. का गेली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुतळाला ते लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. दीड वर्षानं ती डोळा सुजवून घणसोलीला परत आली ती कायमची. मग वडिलांबरोबर मिठागरात उतरली, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या आणि मिठागरं बंद झाली तेव्हा भावाच्या संसारात उभी राहिली. रडत बसल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

तर अशी ही बाई. आणि हिच्याच घरात, गेल्या जूनमध्ये, देवजीनं पेढे वाटले.

पेढे कशाचे? तर उन्नतीचे. उन्नती ही देवजीची एकुलती एक मुलगी, एकवीस वर्षांची, नुकतीच बी.कॉम. झालेली. पुतळानं तिला अंगाखांद्यावर वाढवलेली. देवजी जिना चढताना ओरडतच आला.

"बाय! ओ बाय! तोंड उघड. आपली उन्नती एअरपोर्टला लागली!"

पुतळानं पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "लागली? कंदी लागली? काल तर घरात झोपलेली होती."

"म्हनजे लागल्यासारखीच. वाशीला त्यांची अकॅडमी हाय, गरुडझेप नावाची. एक वर्साचा कोर्स. मंग डायरेक एअरपोर्ट. आता तर आपलाच एअरपोर्ट चालू झाला, बाय! आपल्या पोरींना नाय घेनार तर कुनाला घेनार? शनिवारी फी भराची, सोमवारी क्लास चालू. शेवटच्या चार सीट राह्यल्यात."

उन्नती मागून आली. हातात जाड गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक. पहिल्याच पानावर निळा कोट, गळ्यात रुमाल, हातात चाकांची बॅग घेतलेली मुलगी विमानाकडे बघून हसते आहे.

"आत्या, बघ ना. असा युनिफॉर्म असतो. इंग्लिश शिकवतात, मेकअप शिकवतात, बोलायचं कसं ते शिकवतात. शंभर टक्के प्लेसमेंट."

"कुनी सांगितलं?"

"सरांनी. एसी हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनवर दाखवलं सगळं. तास-दीड तास बोलले."

"आन तुमी कुटं बसला होता?"

"म्हणजे? सोफ्यावर. का?"

पुतळानं भावाकडे बघितलं. देवजीला तो डोळा ओळखीचा होता. पेढ्याचा बॉक्स त्यानं हळूच मागे घेतला.

"देव्या, शेजारच्या मंजुळाच्या पोरीचं लगीन ठरवाला आपन कती दिवस घेतले?"

"तीन महिने. पन बाय, ते लगीन…"

"तीन महिने. मुलाच्या मामाच्या गावापरंत गेलो. आन हिचा सगला जल्म ठरवाला तुला दीड तास पुरला? तोपन एसीतला?"

देवजी गप्प बसला नाही, कारण त्यानं पेढे वाटले होते. पेढे वाटलेला माणूस सहसा मागे हटत नाही. तो म्हणाला, "मंग काय त्या न्हावा शेव्याच्या हापिसात पाटवू? पोरीला? ट्रकवाल्यांच्यात?"

हे न्हावा शेव्याचं प्रकरण पुतळाला नवीन होतं. तिनं उन्नतीला विचारलं. उन्नतीनं तोंड वाकडं करून सांगितलं, की कॉलेजच्या सुचित्रा मॅडमनी दोन मुलींची नावं एका ऑफिसला दिली होती. परदेशातून येणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद करणारं ऑफिस. तिथे शिकाऊ म्हणून घेतात. "पण आत्या, कोण जाणार तिकडे? धूळ, कंटेनर. मैत्रिणी विचारतील काय करतेस, तर काय सांगू? बंदरात कागद लिहिते?"

"मॅडम स्वता बोलल्या का?"

"हो. म्हणाल्या, तुझं अकाउंट्स चांगलं आहे, तुला जमेल."

"बास. झालं मंग. मॅडम शिकलेली बाई हाय, ती काय खोटं सांगनार? तितंच जा," पुतळानं निकाल देऊन टाकला. "पन हे रुमालवालं आदी बगून घेऊ. उद्या जाऊ आपन दोगी. शनिवारला अजून चार दिवस हायत."

उन्नतीला राग आला. आत्याला विमानतळ कळत नाही, युनिफॉर्म कळत नाही आणि उद्या ती वाशीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या आवाजात बोलून तमाशा करणार, हे तिला दिसत होतं. पण आत्याला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

तमाशा झाला नाही. पुतळा वर अकॅडमीत गेलीच नाही. ती खाली, लिफ्टच्या मागे, कचऱ्याचे डबे असतात तिथे जाऊन बसली. अर्ध्या तासात तिथे झाडूवाली आली. तिचं नाव राहीबाई. पुतळानं कमरेची पानाची पिशवी काढली. दोघी आधी गुडघ्यांबद्दल बोलल्या, मग सुनांबद्दल. उन्नती भिंतीला टेकून मोबाइल बघत होती आणि मनात आत्याला शिव्या देत होती.

"वरती ते विमानाचं शिकिवतात, कसं काय हाय ते?" पुतळानं सहज विचारलं.

"चांगलं हाय की," राहीबाई म्हणाली. "इंग्रजी लई फाडफाड शिकिवत्यात. माझीच भाची असती तर इंग्रजीपुरती मी धाडली असती."

उन्नतीनं मान वर केली.

"आन नोकरी?"

राहीबाईनं पान दुसऱ्या गालात ढकललं. "त्यो भिंतीवर फोटू हाय न्हवं, रुमालवाल्या पोरीचा? त्यो मी रोज पुसते. चार वर्सं झाली, त्योच फोटू. दरसाल शंभर पोरी शिकून जात्यात म्हणं. मग दुसरा फोटू नगं का लावाया?" तिनं झाडू उचलला. "शिकून गेलेल्या काही येत्यात परत. भांडाया. सायेब तवा मागच्या जिन्यानं जातो."

परत येताना बसमध्ये उन्नती मोबाइल पिशवीत ठेवून आत्याकडे वळली. मग म्हणाली, "झाडूवालीला काय माहीत, आत्या? फोटोवरून काय कळतं?"

आता इथे पुतळाची खुबी आहे. तिला माहीत होतं, की एकटी केरवाली पुरत नाही. केरवालीनं फक्त दार किलकिलं करायचं असतं. ती म्हणाली, "बरोबर बोललीस. आता नांदती सून गाटू. आपल्याच घरात हाय."

नांदती सून म्हणजे अकरा नंबरच्या खोलीतली भाडेकरू, प्रिया. साताऱ्याकडची, चोवीस-पंचवीसची. विमानतळावर एका कंत्राटदाराकडे नोकरीला. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना आत-बाहेर नेणं, रांगा लावणं, बॅगा कुठे ठेवायच्या ते सांगणं. उन्नती रोज तिला जिन्यात बघायची. तिचा तो कोट बघूनच उन्नतीच्या डोक्यात हे सगळं शिरलं होतं, हे आता बाहेर आलं. पण त्या कोटाला कधी एक प्रश्न विचारावा, हे पोरीला सुचलं नव्हतं. एकाच जिन्यात राहून! असं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी गेल्या तेव्हा प्रिया गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसली होती. पुतळानं कांद्याची भजी आणली होती.

"मावशी, कशाला हो?" म्हणत तिनं तीन खाल्ली. मग उन्नतीनं विचारलं आणि ती बोलायला लागली. तक्रारीच्या सुरात नव्हे. "मला आवडतं गं काम. म्हातारी माणसं असतात, आशीर्वाद देतात. पण नऊ-नऊ तास उभं राहायचं, आणि कागद सहा महिन्यांचा. सहा महिने झाले की परत सही, नाहीतर टाटा. वरची पोस्ट मिळेल म्हणून थांबलेय. बघू."

"आणि कोर्स? तू कोर्स केलास ना? गरुडझेपचाच?"

प्रिया हसली. "केला ना. फाइल त्या पेटीत आहे. इंटरव्ह्यूला घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, बारावी आहे? आहे. इंग्लिश, हिंदी येतं? येतं. पोलिस व्हेरिफिकेशन देणार? देणार. मी फाइल पुढे केली, तर मॅडम म्हणाल्या, ती राहू द्या. उघडूनसुद्धा बघितली नाही. माझ्या शेजारी बसलेली मुलगी कोर्स न करता आली होती. दोघींना एकाच दिवशी घेतलं."

"मग तू… मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" प्रिया म्हणाली आणि चौथं भजं घेतलं.

उन्नती त्या संध्याकाळी जेवली नाही. पुतळाला वाटलं, चला, काम झालं. तिनं देवजीला सांगूनही टाकलं, "पोरगी सोमवारपासून न्हावा शेव्याला. ठरलं."

"नाही ठरलं," उन्नती दारातून म्हणाली.

देवजी आणि पुतळा दोघंही वळले.

"आत्या, तू गरुडझेपची चौकशी मागच्या दारानं केलीस. आणि न्हावा शेव्याचं? सुचित्रा मॅडम चांगल्या, चष्मा लावतात, म्हणून तू लगेच हो म्हणालीस. मॅडमनी तरी ते ऑफिस आतून कुठे बघितलंय? हा पण सोफाच झाला ना?"

देवजी खो खो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. "बाय, तुलाच तुजा कायदा दाखवला पोरीनं!"

पुतळाचा चेहरा क्षणभर कडक झाला. पंचेचाळीस वर्षांत तिला असं कुणी पकडलं नव्हतं. झोपाळ्यावर बसून चहा प्यालेल्या वडिलांची तिला आठवण झाली. ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांना फक्त घाई होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "चुकला माजा. उद्या चल."

शुक्रवारी दोघी उरणच्या बसनं निघाल्या. उतरून रिक्षा, रिक्षातून पुढे कंटेनरच्या ट्रकांची न संपणारी रांग. उन्नतीनं ओढणी नाकाला लावली. धूळ खरंच होती, त्यात मॅडम काय किंवा आत्या काय, कुणी कमी करू शकत नव्हतं. त्या कस्टमच्या कागदांच्या ऑफिसात जायच्या आधी पुतळा रीतीप्रमाणे समोरच्या टपरीवर बसली. टपरी काशी नावाच्या बाईची. न्हावा गावचीच, बोली एकच, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच दोघींचं जमलं.

"या हापिसातली मानसं कशी हायत गं?"

"उदारीवर चा पितात, पन महिन्याला चुकवतात," काशी म्हणाली. "एक उज्वला म्हनून बाई हाय, ती साहेबावर पन ओरडते. पोरी घेतात हल्ली. एक पोरगी सा महिन्यात सोडून गेली. रडत नाय गेली, पन गेली."

"ती कुटं हाय आता?" पुतळानं आणि उन्नतीनं एकदमच विचारलं, आणि उन्नतीला हसू आलं.

काशीला ते माहीत नव्हतं. पण ऑफिसात शिरल्यावर उन्नतीनं पहिला प्रश्न तोच विचारला. समोर उज्वला बसली होती. तिशी-बत्तिशीची, केसांचा अंबाडा, त्यात पेन खोचलेलं, दोन फोन एकाच वेळी वाजत असलेले. तिला वाटलं होतं, मुलगी पगार विचारेल किंवा सुट्ट्या.

"सोडून गेलेली?" उज्वलानं भुवया उचलल्या. "गीतांजली. थांब, तिलाच विचार." आणि तिनं तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. "गीता, एक नवीन मुलगी आलीय. तू का सोडलंस ते खरं खरं सांग. मी ऐकतेय, तरीपण सांग."

फोनमधला आवाज हसला. "सोडलं कारण डोंबिवलीवरून येत होते, दोन-दोन तास. आणि जहाज लागलं की रविवार-बिविवार काही नसतं, सोमवारी मिळते सुट्टी, ती पण मिळाली तर. कंटेनरच्या यार्डात गेलं की सुरुवातीला पुरुष लोक तुझ्याकडे बघतच नाहीत, तुझ्या मागे कोण साहेब आहे ते शोधतात. एक आकडा चुकला की माल अडकतो आणि सगळे तुझ्यावर ओरडतात. उज्वलाताई सगळ्यात जास्त."

"आणि?" उज्वला म्हणाली.

"आणि त्या सहा महिन्यांत जे शिकले, त्यावरच इथली नोकरी मिळाली. ठाण्यात एक्स्पोर्टचं काम बघते. ते पण सांगायचं होतं का?"

"ते सांगायचं नसतं, ते आपोआप बाहेर येतं," उज्वलानं फोन ठेवला. उन्नतीकडे वळली. "ऐकलंस? त्यातलं एक अक्षर खोटं नाही. वर्षभर काम शिकायचं. मग पुढे कस्टमच्या कामाच्या परवान्याची परीक्षा असते, ती दे. अवघड आहे. मी दुसऱ्यांदा पास झाले. आता बस इथे अर्धा दिवस. नुसती बघ."

पुतळाला त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. लाकडी होती, सोफा नव्हता. तिला ते आवडलं. तिथून ती उन्नतीकडे बघत राहिली. पहिला तासभर पोरगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. उठून जायच्या तयारीत असलेलं माणूस बसतं तशी. मग उज्वलानं तिच्यापुढे कागदांची एक चळत सरकवली आणि दुसऱ्या फोनवर कुणालातरी झापायला लागली. उन्नती कागद चाळत होती. मध्येच तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मागे गेलं. परत तिथेच आलं.

"मॅडम…"

"ताई म्हण. काय?"

"या मालाचं एकूण वजन आणि निव्वळ वजन एकच लिहिलंय. नऊशे पोती आहेत. पोत्यांना वजन नाहीये का?"

उज्वलानं फोनवरच्या माणसाला "थांब" म्हटलं. कागद ओढून घेतला. केसांतलं पेन काढलं. "ए विनोद, हा कागद कुणी तपासला? दुपारी फाइल करायचा होता!" मग उन्नतीकडे बघून म्हणाली, "हे कॉलेजात शिकवतात?"

"नाही. आत्यानं."

सगळ्या ऑफिसनं दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. पुतळाला काय झालंय ते कळेना. उन्नतीनं सांगितलं, की लहानपणी आत्या मिठागराच्या गोष्टी सांगायची. मीठ मोजताना पाटीचं वजन वेगळं काढावं लागायचं. व्यापारी ते दोनदा कापून घ्यायचा आणि बायकांना कळायचं नाही. पुतळाला कळायचं. ती भांडायची. "रिकामी पाटी आदी काट्यावर ठेव, मंग बोल," हे वाक्य उन्नतीनं झोपताना इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिच्या हाडात बसलं होतं.

"बरोबर हाय मंग," पुतळा खुर्चीवरून म्हणाली. "पाटीला वजन असतंच."

त्या दुपारी उन्नती खुर्चीच्या टोकावरून मागे सरकली ती सरकलीच. चहा आला तो थंड झाला. जायची वेळ झाली तेव्हा आत्याला दोनदा हाक मारावी लागली.

बसमध्ये पुतळानं विचारलं नाही. मोठी हिंमत लागली तिला त्यासाठी. जीभ टाळूला चिकटवून ती खिडकीतून बघत राहिली. शेवटी उन्नतीच बोलली.

"धूळ आहे. रविवार जाणार. पहिल्या वर्षी हातात फार काही पडणार नाही. मैत्रिणींना सांगायला काही भारी नाही."

"नाय."

"पण आत्या, तो कागद बघताना ना, मला वेळच कळला नाही. मी एक वर्ष करते. वर्षानं परत बसू आपण दोघी, परत तीन जणींना विचारू. नाही पटलं तर सोडीन. नोकरी आहे, लग्न थोडंच आहे, की एकदा केलं म्हणजे संपलं."

"लग्नातून पन येता येतं," पुतळा म्हणाली. "मी आले की."

उन्नतीनं तिच्याकडे बघितलं. मग दोघी इतक्या हसल्या की कंडक्टर वळून बघायला लागला.

शनिवारी सकाळी गरुडझेपमधून फोन आला. शेवटची एकच सीट राहिली आहे, बारापर्यंत भरा. उन्नतीनं फोन स्पीकरवर टाकला, उज्वलासारखाच. "सर, गेल्या वर्षीच्या पाच मुलींचे नंबर द्याल का? मी त्यांच्याशी बोलते आणि मग सांगते." पलीकडून सर म्हणाले, तसं धोरण नसतं. "मग कोर्स सोडून गेलेल्या एकीचा तरी द्या," ती म्हणाली. सर मीटिंगमध्ये आहेत असं सरच म्हणाले आणि फोन बंद झाला.

देवजी ओटीवर डोक्याला हात लावून बसला होता. त्याचं दुःख वेगळंच होतं. "सगल्या आलीला पेढे दिले मी. आता लोकांना काय सांगू?"

"सांग, स्थल मोडला," पुतळा म्हणाली. "मुलाकडचे माहिती देत नव्हते."

"आन ट्रकवाल्यांच्यात पोरगी…"

"देव्या, तितं उज्वला नावाची बाई बसते. ट्रकवाले तिच्या फाटकाबाहेर हॉर्न पन हलू वाजवतात. तुला बगाचा आसंल तर जा, टपरीवर काशी हाय, तिला इचार. पन पुढच्या दारानं नको जाऊ."

देवजी खरंच गेला. कुणाला न सांगता, पुढच्या आठवड्यात, उन्नती कामाला लागल्यावर तिसऱ्या दिवशी. काशीच्या टपरीवर दोन चहा प्याला. काशीनं ते पुतळाला कळवलं. पुतळानं उन्नतीला सांगितलं नाही.

पहिल्या महिन्याच्या शेवटी उन्नती एक पिशवी घेऊन घरी आली. यार्डात जायला ऑफिसनं तिला जाकीट दिलं होतं. भडक नारिंगी, त्यावर चमकणारे पट्टे, आणि पांढरं हेल्मेट. तिनं ते घालून दाखवलं. निळा कोट नव्हता, गळ्यात रुमाल नव्हता. जाकीट दोन मापं मोठं होतं आणि हेल्मेट कानावर येत होतं.

"युनिफॉर्म पाहिजे होता ना तुला? घे," अकरा नंबरची प्रिया जिन्यातून म्हणाली. प्रियाचा कागद आणखी सहा महिने वाढला होता, त्याच खुशीत ती बर्फी घेऊन आली होती.

"मना बगू दे," म्हणत पुतळानं ते जाकीट ओढून घेतलं आणि साडीवर चढवलं. हेल्मेट डोक्यावर ठेवलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा तसाच. आणि ती ओटीवर उभी राहिली, हात कमरेवर ठेवून, बंदरातलं प्रत्येक जहाज आपल्यालाच विचारून लागतं अशा थाटात.

देवजीनं मोबाइल काढला. "बाय, इकडं बग. हसू नको, साहेबासारकी बग."

तो फोटो त्यानं सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. तासाभरात कोपरखैरण्याच्या चुलतभावाचा फोन आला. त्याच्या मुलाला कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासला घालायचं होतं, जाहिरात बघून, सोमवारीच. आत्याला जरा वेळ आहे का?

पुतळानं हेल्मेट न काढता फोन घेतला. "वेल हाय," ती म्हणाली. "पोराला घेऊन ये. पन क्लासला आदी काय सांगू नको. आन त्या बिल्डिंगचा कचरा कुटं टाकतात, तेवडा बगून ठेव."

उन्नतीनं तिच्या अंगावरचं जाकीट सोडवून घेतलं, घडी घातली आणि सकाळच्या डब्याशेजारी ठेवलं. उद्या जहाज लागणार होतं.